लस : एका ओल्या शब्दाची कुळकथा

गुडघा खरचटलेलं पोर खपलीशी चाळा करू लागलं की घरातलं जाणतं माणूस दटावतं, "अजून लस येतेय, हात लावू नकोस." दवाखान्यात बाळाला टोचतात तीही लसच. शब्द एकच, कारण मुळात वस्तूही एकाच जातीची होती.

एकाच उपायाला भाषांनी वेगवेगळी नावं दिली. इंग्रजी 'व्हॅक्सिन'च्या मुळाशी लॅटिन 'व्हाका', म्हणजे गाय. हिंदीत 'टीका', म्हणजे कातडीवरची खूण. मराठीच्या नजरेत भरला तो फोडातून निघणारा पाणीदार द्रव.

१४ मे १७९६ रोजी इंग्लंडातल्या बर्कली गावी एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने एका गवळणीच्या हातावरचा फोड निवडला. गाईच्या आचळांवर येणाऱ्या सौम्य देवीची लागण तिला झाली होती. त्या फोडातली लस त्याने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडात घातली. पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचूनही जेम्सला देवी आल्या नाहीत.

उपाय सापडला, पण लांबच्या उन्हाळी प्रवासात लस टिकेना. तिला सुखरूप नेणारं भांडं एकच : जिवंत माणसाचा दंड. एका मुलाला टोचायचं, आठवड्याने फोड भरला की त्यातली लस पुढच्याला. १८०३ मध्ये स्पेनने अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस धाडली ती २२ अनाथ मुलांबरोबर. जहाजावर त्यांना पाळीपाळीने टोचत नेलं.

हिंदुस्थानात ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे मुक्काम करत आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती टोचली आणि लागू पडली. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तीच साखळी पुढे पुणे, सुरत, हैदराबादकडे गेली.

हा उपाय घेणाऱ्याला तेव्हा लस नुसती घेऊन भागत नसे, द्यावीही लागे. आठव्या दिवशी पोराला पुन्हा नेऊन त्याचा दुखरा फोड फोडू देणं आयांच्या जिवावर येई. कोणत्या जातीच्या अंगातलं आपल्या लेकराच्या अंगात जाणार, ही धास्ती निराळीच. लोक बिचकत ते सगळंच अडाणीपण नव्हतं. १८६१ मध्ये इटलीतल्या रिव्हाल्टा गावी अशाच साखळीतून चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले. ब्रिटनने तर १८९८ मध्ये दंडातून दंडात टोचणं कायद्यानेच बंद केलं.

आपल्याकडे बराच काळ रोग आणि उपाय यांचं नावही एकच राहिलं. 'देवी आल्या' म्हणजे आजार आणि 'देवी काढल्या' म्हणजे त्यावरचा बंदोबस्त. आमच्या आधीच्या पिढीच्या दंडावरचे गोल वण या दुसऱ्या देवींचे.

१९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. 'देवी काढणं' हा शब्दप्रयोगही त्यांच्यामागोमाग गेला. 'लस' मात्र राहिली. गोवर, धनुर्वात, करोना अशा एकेका रोगाला जोडली गेली. आता ती कुपीत बंद होऊन, बर्फाच्या पेटीतून येते. घेतली की आपण दंडावर कापूस दाबून घरी जातो. आठव्या दिवशी परत या, म्हणून कुणी बोलावत नाही.