उमरावपणाचा दाखला

जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे आजवर लक्षावधी भाविकांनी माथा टेकला आहे. वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत या संताच्या नावाचे एखादे लेकरू नाही असे ख्रिस्ती गाव विरळाच. हाती क्रूस घेतलेला, किनाऱ्यावर लोकांना प्रार्थना शिकवणारा प्रेषित आपल्या परिचयाचा आहे. परंतु स्वतःचे खानदान सिद्ध करण्यासाठी न्यायालयात अर्ज करणारा पॅरिसमधील तरुण प्राध्यापक मात्र आपल्याला फारसा ठाऊक नाही. त्या अर्जाची हकिगत कळल्याखेरीज पुढच्या प्रेषिताचे मोल नीट ध्यानात येत नाही, असे मला वाटते.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारे राज्यातील झेवियरच्या किल्ल्यात झाला. वडील हुआन दे जास्सो हे राजाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. घरात वैभव होते, मान होता. १५१२ साली कास्तीलच्या फौजांनी नावारे जिंकले आणि या घराण्याचे दिवस फिरले. १५१५ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी विजेत्यांच्या हुकुमाने किल्ल्याचे बुरूज आणि तट पाडण्यात आले. थोरले दोघे भाऊ स्वराज्यासाठी लढत राहिले. १५२१ साली पांपलोनाच्या किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा ते हल्लेखोरांच्या पक्षात होते आणि किल्ला लढवणाऱ्यांत इग्नाशियस लोयोला नावाचा सरदार होता. तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. पुढे ज्यांची नावे एका श्वासात घेतली जावीत, ते दोघे असे परस्परांच्या शत्रुपक्षांतले!

१५२५ साली फ्रान्सिस पॅरिसला गेले. भाऊ तलवारीने जे परत मिळवू शकले नव्हते, ते ग्रंथांच्या बळावर मिळवता येईल अशी त्यांची उमेद असावी. सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांनी अभ्यास केला, १५३० मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि दुसऱ्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. १५३१ साली त्यांनी आपल्या उमराव कुळाचा अधिकृत दाखला मिळावा म्हणून मायदेशी अर्ज केला. त्यांचा रोख पांपलोनाच्या कॅथेड्रलमधील कॅननपदाकडे होता, असे चरित्रकार मानतात. याजकपदालाही तेव्हा कुळाच्या दाखल्याचा आधार लागत असे. (धर्मग्रामाच्या कचेरीत रोज निरनिराळ्या दाखल्यांवर सही-शिक्का करणाऱ्या माझ्यासारख्या धर्मगुरूला हा तपशील विशेष जवळचा वाटतो.)

महत्त्वाकांक्षा हा शब्द आम्ही प्रवचनांत फार स्वस्तात निंदेसाठी वापरतो. फ्रान्सिस यांच्या आकांक्षेत हाव होती असे मला दिसत नाही. तिच्यात ढासळलेल्या घराची सल होती, विधवा आईची काळजी होती. आपल्या घरांतूनही हेच चालते. जमिनीचा तुकडा विकून बाप मुलाला शिकवतो आणि गेलेली पत मुलाने परत आणावी अशी मूक अपेक्षा त्या मुलाच्या पाठीवर चढते. अशा आकांक्षेला कोणी हलके म्हणू नये. अडचण एवढीच की तिचे सारे लक्ष मागे, गमावलेल्या गोष्टींकडे लागलेले असते.

१५२९ साली सेंट बार्बमध्ये फ्रान्सिस आणि त्यांचा मित्र पीटर फेबर यांच्या खोलीत तिसरा विद्यार्थी राहायला आला. वयाने बराच मोठा, किंचित लंगडणारा आणि भिक्षेवर शिकणारा. तेच इग्नाशियस. सालस स्वभावाचे फेबर त्यांच्याकडे लवकर ओढले गेले. फ्रान्सिस मात्र दूर राहिले, आणि नावारेच्या त्या मुलाने कास्तीलच्या बाजूने लढलेल्या माणसापासून दूर राहावे यात नवल ते काय? सारे जग मिळवून आत्मा गमावला तर काय लाभ, हा मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रश्न इग्नाशियस यांनी विचारला आणि फ्रान्सिस तत्क्षणी पालटले, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो. कालक्रम निराळे सांगतो. हा प्रश्न मुरायला वर्षे लागली. दरम्यान इग्नाशियस फ्रान्सिस यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून देत होते, अडचणीत पैशांची मदत करत होते. म्हणजे ज्या आकांक्षेतून त्यांना मित्राला सोडवायचे होते, तिलाच ते हातभार लावत होते. मला यात त्यांचे सगळ्यात मोठे शहाणपण दिसते.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी दारिद्र्याचे आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्यांत फ्रान्सिस होते. उमराव कुळाच्या अर्जाचा निकाल मात्र लागला १५३६ च्या ऑगस्टमध्ये, आणि तो त्यांच्या बाजूने लागला. दाखला मंजूर झाला होता, पण तो मागणारा आता उरला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मित्रमंडळी पायी व्हेनिसकडे निघाली.

भारतात येण्याचा मानही त्यांच्या वाट्याला मुळात नव्हताच. पोर्तुगालच्या राजाने धर्मगुरू मागितले तेव्हा बोबादिया या सोबत्याची निवड झाली होती. ते आजारी पडले, राजदूत थांबायला तयार नव्हता, म्हणून मार्च १५४० मध्ये ऐनवेळी फ्रान्सिस यांना विचारण्यात आले. जुने कपडे शिवून ते निघाले. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले तेव्हा त्यांच्याजवळ पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून नेमणुकीची पत्रे होती. ती त्यांनी बिशपांपुढे ठेवली आणि आपण रुग्णालयात जाऊन राहिले. घंटा वाजवीत रस्त्यांतून मुलांना, गुलामांना गोळा करू लागले.

ते निर्दोष होते असे नाही. १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यात इन्क्विझिशन असावे असे सुचवले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० साली आले आणि त्याने काय केले ते इतिहासात नमूद आहे. स्वतःची आकांक्षा प्रभूचरणी वाहिलेल्या माणसाच्याही दृष्टीला त्याच्या काळाची झापडे असू शकतात. संतांवर प्रेम करणाऱ्यांनी हे लपवू नये.

परंतु त्यांची दुसरी दोन पत्रे मला पुनःपुन्हा वाचावीशी वाटतात. कोचीनहून जानेवारी १५४४ मध्ये त्यांनी लिहिले की, पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन वेड्यासारखे ओरडावे असे आपल्याला अनेकदा वाटते. तिथे विद्या मोठ्या पदांसाठी मिळवली जाते आणि इथे किती जीव वाट पाहत आहेत! हे लिहिणारा त्याच पदांच्या रांगेत उभा राहून आलेला होता, म्हणून त्या ओरडण्यात तुच्छता नाही, कळवळा आहे. दुसरे पत्र १५४६ सालचे, दूरच्या अंबोइना बेटावरचे. सोबत्यांच्या पत्रांखालील त्यांच्या हस्ताक्षरातल्या सह्या कापून, आपल्या व्रताच्या प्रतीसह आपण त्या सतत जवळ बाळगतो, असे त्यांनी कळवले आहे. कुळाचा कागद मागणाऱ्याने अखेर जपले ते हे कागदाचे कपटे.

१५४९ मध्ये ते जपानला पोहोचले. तिथून चीनची ओढ लागली. १५५२ च्या अखेरीस चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांशियन बेटावर ते एका व्यापाऱ्याच्या नावेची वाट पाहत राहिले. मिरीच्या मोबदल्यात त्याने त्यांना गुपचूप कँटनला पोहोचवायचे कबूल केले होते. तो आला नाही. ताप चढत गेला आणि ३ डिसेंबर रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, अंतोनियो या चिनी सोबत्याच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला. चीनच्या मुख्य भूमीवर त्यांचे पाऊल पडलेच नाही.

इकडे रोममध्ये यातले काहीच कळले नव्हते. २८ जून १५५३ रोजी इग्नाशियस यांनी त्यांना युरोपला परत बोलावणारे पत्र लिहिले आणि त्याखाली सही केली. फ्रान्सिस यांना जाऊन तेव्हा सहा महिने उलटून गेले होते.