'100 वॅट'चा डबा

राहुरीतल्या एका मंडपवाल्याच्या अडगळीतून हा अॅम्प्लिफायर माझ्याकडे आला. पत्र्याचा डबा, दर्शनी बाजूला रंगाने लिहिलेले '100 वॅट', आत ना सर्किटचा कागद, ना करणाऱ्याचे नाव. अशा कारागिरीचे दप्तर कोणी ठेवलेले नसते. तेव्हा वस्तूच वाचायला बसलो.

मागच्या हीटसिंकवर दोन ट्रान्झिस्टर, दोन्ही टू-एन-3055, म्हणजे एकाच एनपीएन जातीचे. एका जाणकाराने ही जोडणी अडाणी ठरवली; ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एनपीएनने आणि खालचा पीएनपीने उचलायला हवा, असे त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. शेवटी एकाच जातीचे दोन ट्रान्झिस्टर लावण्याची ही रचना एच. सी. लिन यांनी 1956 साली अमेरिकेत मांडली. जुळणारे विरुद्ध जातीचे मोठे ट्रान्झिस्टर तेव्हा सहज मिळत नव्हते. पुढे 3055 स्वस्त झाला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो मिळू लागला आणि आपल्याकडच्या घरगुती अॅम्प्लिफायरचा तोच कणा झाला. करणाऱ्याने बाजार ओळखून रचना निवडली होती.

ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला. मुळा धरणाखालच्या या बागायती तालुक्यात विहिरींवरच्या मोटारी भरून देणारे हात होतेच. हे काम त्यांपैकी कोणाचे असावे, असा माझा कयास.

आता ते 100 वॅट. आतला पुरवठा 40 व्होल्टचा, मध्यबिंदू 20 वर. आठ ओहमच्या स्पीकरला हिशेबाने फार तर 25 वॅट मिळतील, प्रत्यक्षात त्याहून कमी. 100 हा मंडपाचा आकडा. (सुपारी घेताना 25 सांगून कसे चालेल?)

खरी परीक्षा पुढेच होती. आवाज नसतानाही दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. तो कमी पडला तर एकाकडून दुसऱ्याकडे लहर जाताना खाच पडते आणि हळू आवाजातला तंबोरा खरखरतो. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतात, तापल्यावर आणखी प्रवाह ओढतात आणि जळतात. हीटसिंकजवळ एक डायोड सुटा लोंबकळत होता. तुटका उरलेला भाग समजून मी तो बाजूला सारला, प्रीसेट फिरवला आणि सिरीज बल्ब न लावताच वीज दिली. दोन्ही 3055 गेले. तो डायोड हीटसिंकला चिकटवलेला असणार. उष्णता वाढली की प्रवाह आवरण्याचे काम त्याचे.

नवे ट्रान्झिस्टर अभ्रकाच्या चकतीवर बसवले, डायोड परत चिकटवला, सिरीज बल्ब लावला. मग अर्धा तास तापू देऊन 0.33 ओहमच्या रेझिस्टरवर 10 मिलिव्होल्ट येतील असा प्रीसेट लावला, म्हणजे सुमारे 30 मिलिअॅम्पिअर. तंबोरा आता स्वच्छ वाजतो.

पण हा आकडा माझा. प्रीसेटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. करणाऱ्याने आपल्या कानाने ठरवलेली जागा त्याने तिथे बंद केली होती. तो ठिपका मी मोजमाप न घेताच स्क्रूड्रायव्हरने फोडला.