क्रीडा-एटीव्हीची देखभाल आणि दोषशोधन : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७० ते २०११)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राचा शोध, त्याचा शोधकर्ता आणि त्याची बाजारपेठ यांची नोंद तपशीलवार होते. यंत्र बिघडल्यानंतर ते कोणी, कशाने आणि कोणत्या अधिकाराने दुरुस्त केले, हा प्रश्न मात्र बहुधा गॅरेजच्या दारातच राहतो. प्रस्तुत लेखात क्रीडा-एटीव्ही या वाहनप्रकाराच्या देखभालीचा इतिहास अमेरिकेच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटतो. परंतु या वाहनावर मुले बसली, त्यांतील काही दगावली, शासन न्यायालयात गेले आणि पुढे कायदाही झाला. या प्रत्येक टप्प्यावर यंत्रातील दोष कशाला म्हणावे, याचे उत्तर बदलत गेले.

एटीव्ही म्हणजे कमी दाबाचे फुगीर टायर असलेले, घोड्यावर बसल्याप्रमाणे बैठक असलेले आणि हँडलने वळवावयाचे वाहन. त्याचा थ्रॉटल मोटारसायकलप्रमाणे मुठीने पिळावयाचा नसून अंगठ्याने दाबावयाचा असतो. शेतावर ओझे वाहण्यासाठी वापरले जाणारे एटीव्ही वेगळे आणि क्रीडा-एटीव्ही वेगळे. दुसऱ्यात हलकी चौकट, हाताने चालविण्याचा क्लच, केवळ मागच्या चाकांना चेनद्वारे मिळणारी गती आणि लांब पल्ल्याचे सस्पेन्शन असते. देखभालीच्या दृष्टीने ही रचना शर्यतीच्या मोटारसायकलची नातेवाईक आहे.

मऊ टायरचे यंत्र

१९६७ च्या सुमारास होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांना हिवाळ्यात विकता येईल असे काहीतरी हवे होते. कारण त्या दिवसांत मोटारसायकलची विक्री मंदावत असे. हे काम ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे आले. दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतचे नमुने करून पाहिल्यानंतर तीन चाकांची रचना निश्चित झाली आणि १९७० साली ‘यूएस ९०’ हे वाहन ५९५ डॉलर किमतीला बाजारात आले. पुढे त्यालाच ‘एटीसी ९०’ हे नाव मिळाले. इंजिन ८९ सीसीचे, फोर-स्ट्रोक, सुमारे ७ अश्वशक्तीचे होते. १९७१ मधील ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या बाँडपटात हे वाहन झळकले आणि त्याची प्रसिद्धी वाढली.

या यंत्रास स्प्रिंग अथवा शॉकॲब्सॉर्बर नव्हते. सस्पेन्शनचे सर्व काम २२ इंची टायरमधील हवेकडे सोपविलेले होते. त्यामुळे हवेचा दाब हा या वाहनाच्या देखभालीतील पहिला आणि सर्वांत नाजूक विषय ठरला. तो प्रति चौरस इंच २-३ पौंडांच्या आसपास असतो. पेट्रोलपंपावरील मोटारीच्या गेजवर इतका कमी दाब विश्वासाने वाचताच येत नाही. त्यासाठी वेगळे गेज लागते. मागच्या दोन टायरांत अर्ध्या पौंडाचा फरक राहिला तरी त्यांचा घेर असमान होतो आणि वाहन एका बाजूस ओढू लागते. हँडल वाकडे झाले असे समजून ते खोलणाऱ्या मालकाने आधी गेज लावून पाहणे श्रेयस्कर, ही शिकवण या वाहनाच्या दुरुस्तीत तेव्हापासून चालत आली आहे. प्रारंभीच्या टायरांना शेतातील कापणीनंतरच्या खुंटांनीही छिद्रे पडत. १९७५ मध्ये कापडी अस्तराचे टायर आणि बदलता येण्याजोगे हब आल्यावर ही तक्रार कमी झाली.

दुसरे वैशिष्ट्य मागच्या आसाचे. आपल्याकडील ऑटोरिक्षाही तीन चाकांचीच. पण तिला डिफरन्शियल असल्याने वळताना आतले चाक हळू आणि बाहेरचे वेगाने फिरते. एटीसीचा आस अखंड होता. दोन्ही चाके एकाच गतीने फिरणार, म्हणून वळताना चालकाने अंग झुकवून आतल्या चाकावरील भार कमी करणे आवश्यक होते. ज्याला हे जमले नाही त्याचे वाहन सरळ तरी जाई किंवा उलटे तरी होई. हा बिघाड नव्हता, रचनेचाच स्वभाव होता. दुरुस्तीच्या पुस्तकात त्यास उत्तर नव्हते, आणि पुढील वादाचे बीज नेमके येथेच आहे.

२५० सीसीची स्पर्धा आणि १९८८ चा हुकूमनामा

१९८१ साली होंडाने ‘एटीसी २५०आर’ आणले. टू-स्ट्रोक इंजिन, पुढे-मागे सस्पेन्शन आणि शर्यतीचा बाज अशी ही तीनचाकी होती. १९८५ मध्ये सुझुकीची ‘एलटी २५०आर’ ही चारचाकी आली, १९८६ मध्ये होंडाची ‘टीआरएक्स २५०आर’ आणि १९८७ मध्ये कावासाकीची ‘टेकेट-४’. तिन्ही इंजिने टू-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी होती.

अपघातांची संख्या वाढत होती आणि जखमींत मुलांचे प्रमाण लक्षणीय होते. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकन शासनाने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस या पाच कंपन्यांविरुद्ध वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. २८ एप्रिल १९८८ रोजी संमती-हुकूमनामा मंजूर झाला. त्याची मुदत १० वर्षांची होती. नव्या तीनचाकी वाहनांची विक्री बंद झाली, खरेदीदारांना प्रशिक्षण देण्याचे बंधन आले आणि ९० सीसीहून मोठी वाहने १६ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असे ठरले. मात्र आधी विकलेली वाहने परत घेऊन पैसे देण्याची जी मागणी शासनाने प्रथम केली होती, ती अंतिम हुकूमनाम्यात नव्हती.

या तपशिलाचा देखभालीच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. विक्री थांबली, वापर थांबला नाही. दुकानात मिळेनासे झालेले यंत्र कोठारात, शेडमध्ये उभेच राहिले आणि ते चालते ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे मालकाकडे आली. होंडाने ‘२५०आर’ १९८९ नंतर बंद केली आणि सुझुकीने आपली १९९२ नंतर. १९९० च्या दशकातील शर्यतींत या जुन्या इंजिनांभोवती स्वतंत्र उत्पादकांच्या चौकटी, आस आणि सिलिंडर जोडून संपूर्ण वाहने उभी केली गेली. नावाला होंडा, पण मूळ कारखान्यातील भाग मोजकेच, अशी ती अवस्था होती. यास दुरुस्ती म्हणावे की पुनर्निर्मिती? संग्रहालयशास्त्राच्या अध्यापकांनी हा प्रश्न अवश्य विचारात घ्यावा.

बॅनशी : दोष कोणता आणि संरक्षण कोणते?

हुकूमनाम्यानंतरही टिकून राहिलेले टू-स्ट्रोक वाहन म्हणजे यामाहाची ‘बॅनशी’. ती १९८७ मध्ये आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. तिचे इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे होते. महाराष्ट्रातील जुन्या मेकॅनिकला हा आकडा ओळखीचा वाटेल. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात तयार केलेल्या ‘राजदूत ३५०’ चे इंजिनही ३४७ सीसीचेच होते. सिलिंडरचा व्यास ६४ आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर, तेच माप. राजदूतचे इंजिन हवेने थंड होणारे, बॅनशीचे पाण्याने. पण घराणे एक.

त्यामुळे दोषशोधनाची पद्धतही एकाच परंपरेतील आहे. इंजिन सुरू होत नसेल तर आधी स्पार्क, मग पेट्रोल, मग कॉम्प्रेशन. प्लगचा रंग पाहावा : फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काळा व ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. या तिन्हींत शेवटची अवस्था धोक्याची, कारण टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच पोहोचते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. गारठ्यात हवा दाट होते, म्हणून कार्बोरेटरचा मुख्य जेट मोठा लागतो. डोंगरावर ती विरळ होते, म्हणून लहान. अनेकांनी इंजिन जाम झाल्यावर नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, पण क्रँकच्या सीलमधून किंवा कार्बोरेटरमागच्या रबरी नळीतून आत शिरणारी हवा शोधली नाही. परिणामी दुसरा पिस्टनही तसाच गेला. यावर हौशी दुरुस्तीकारांत रूढ झालेली चाचणी सोपी आहे. इंजिनाची तोंडे बंद करून आत सुमारे ६ पौंड दाबाची हवा भरावयाची आणि ती ६ मिनिटे टिकते का पाहावयाचे. दाब उतरला तर साबणाच्या पाण्याने गळती सापडते.

परंतु बॅनशीच्या इतिहासातील सर्वांत बोलका बिघाड इंजिनातला नव्हे. यामाहाने तिच्यावर थ्रॉटलशी जोडलेली एक संरक्षक यंत्रणा बसविली होती. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘टॉर्स’ म्हणतात. अंगठ्याच्या खटक्यात एक स्विच आणि दोन्ही कार्बोरेटरांवर एकेक स्विच असे. चालकाने अंगठा सोडला, पण चिखलाने किंवा बर्फाने स्लाइड वरच अडकली, तर ही यंत्रणा इग्निशनवर लगाम घालून इंजिनाचा वेग उतरवी. पार्किंग ब्रेकलाही स्विच होता. ब्रेक लावलेला असताना इंजिनाचा वेग वाढत नसे.

कल्पना योग्य होती. अडचण अशी की हे स्विच आणि त्यांचे जोड धूळ, पाणी व गंज यांच्या वाटेतच होते. जोड गंजला अथवा केबलचा ढिलेपणा मापात राहिला नाही, तर थ्रॉटल अडकला आहे असा चुकीचा निष्कर्ष यंत्रणा काढी आणि धडधाकट इंजिन अडखळू लागे. मालक कार्बोरेटर साफ करी, प्लग बदली, जेट बदली. दोष मात्र वायरीत असे. तो ओळखण्यासाठी यंत्रणा तात्पुरती वेगळी करून इंजिन चालवून पाहणे हा शास्त्रशुद्ध मार्ग. पुष्कळांनी तात्पुरती वेगळी केलेली यंत्रणा पुन्हा जोडलीच नाही. ती काढून टाकल्यावर लागणारे साधे झाकण व स्क्रू यांचे तयार संच विकले जाऊ लागले, आणि टॉर्स काढणे हा नव्या मालकाच्या पहिल्या कामांपैकी एक झाला.

प्रस्तुत लेखकाच्या मते यात दोष एकट्या मालकाचा नाही. जी संरक्षक यंत्रणा स्वतःच वारंवार खोटी सूचना देते, ती वापरणाऱ्याचा विश्वास गमावते. आणि विश्वास गेला की ती काढणे हीच देखभाल वाटू लागते. तथापि, यंत्रणा काढल्यानंतर अडकणारा थ्रॉटल थांबविण्यास हँडलवरील बंद करण्याच्या बटणाशिवाय काहीही उरत नाही, हे सत्यही तितकेच कठोर आहे. असे वाहन पुढे दोन-तीन हातांतून जाई. शेवटच्या खरेदीदारास तेथे कधी काही होते, याचा पत्ताही नसे.

फोर-स्ट्रोककडे

१९९९ मध्ये होंडाची ‘टीआरएक्स ४००ईएक्स’, २००४ मध्ये यामाहाची ‘वायएफझेड ४५०’ आणि २००६ मध्ये इंधन-इंजेक्शन असलेली सुझुकीची ‘एलटी-आर ४५०’ आली. करमणुकीच्या वाहनांच्या धुरावर २००२ साली अमेरिकेत झालेले नियम २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि टू-स्ट्रोकचा काळ तेथे संपला. पिस्टन-रिंगांची वारंवार करावी लागणारी बदली कमी झाली. पण व्हॉल्व्हचे अंतर तपासणे आणि ऑइल नियमित बदलणे ही कामे वाढली. ‘४००ईएक्स’ चे ऑइल वेगळ्या टाकीत असल्याने ते इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करताच मोजावे लागते. थंड इंजिनात पट्टी कोरडी दिसते, आणि घाबरलेला मालक गरजेपेक्षा जास्त ऑइल ओततो.

क्रीडा-एटीव्हीवर बहुधा किलोमीटर मोजणारे मीटर नसे. यंत्राचे वय किती, हे यंत्र सांगत नाही. मालकाने तासांची वही ठेवली असेल तरच कळते. एअर फिल्टरचे फोम धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसविण्याची तारीख, चेनचा ताण, मागच्या आसाच्या बेअरिंगची ढिलाई, स्विंगआर्मला दिलेले ग्रीस अशा नोंदी असलेली वही अभ्यासकासाठी प्राथमिक साधन ठरते.

शिशाचा कायदा आणि सुटे भाग

१४ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेत ग्राहक-उत्पादन सुरक्षितता सुधारणा कायदा झाला. त्याने एटीव्हीची सुरक्षामानके सक्तीची केली आणि नव्या तीनचाकींवरील बंदीस कायद्याचे बळ दिले. त्याच कायद्यात लहान मुलांच्या वस्तूंतील शिशाच्या प्रमाणावर मर्यादा होती : १० फेब्रुवारी २००९ पासून दशलक्ष भागांत ६०० आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून ३००. रोख खेळण्यांवर होता. परंतु १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनविलेले छोटे एटीव्हीही त्या व्याख्येत सापडले. बॅटरीची टोके, टायरचे व्हॉल्व्ह, पितळ व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे काही भाग यांत शिसे असते; घडणीच्या सोयीसाठी ते मिसळले जाते. विक्रेत्यांनी छोटी वाहने दुकानातून हटविली. त्यांचे सुटे भागही त्यांसोबत गेले.

येथे देखभालीचा प्रश्न पुन्हा सुरक्षिततेच्या प्रश्नास येऊन भिडतो. ब्रेकचा भाग मिळत नाही म्हणून मुलाने जुन्याच ब्रेकवर वाहन चालवावे, किंवा छोटे वाहन मिळत नाही म्हणून मोठ्यांच्या वाहनावर बसावे, हा धोका मुलाने व्हॉल्व्ह चाटण्याच्या धोक्याहून कितीतरी मोठा होता. १९८८ च्या हुकूमनाम्याने मुलांना मोठ्या वाहनांपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला होता. २००८ च्या कायद्याने, हेतू नसताना, त्यांना त्याच दिशेने ढकलले. ग्राहक-सुरक्षा आयोगाने मे २००९ मध्ये अंमलबजावणी स्थगित केली आणि १२ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या दुरुस्ती-कायद्याने या वाहनांना शिशाच्या मर्यादेतून वगळले. तोपर्यंत अडीच वर्षे गेली होती. या काळात किती मालकांनी घरगुती उपायांनी, जुन्या वाहनांचे भाग काढून आपल्या मुलांची वाहने चालू ठेवली, याची नोंद कोणत्याही शासकीय कागदपत्रात नाही. ती असलीच तर तासांच्या त्या वह्यांतच सापडेल.