वर्धा, पुलमन, मेक्सिको, नागपूर

पुलमन हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या अगदी पूर्वेचं गाव. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, मधल्या सखल भागात गाव आणि गावाच्या डोक्यावर विद्यापीठ. नागपुरात शेतीचं शिक्षण घेताना मला तिथे एक सत्र शिकायची संधी मिळाली. ऑगस्टमध्ये पोचले तेव्हा कापणी सुरू होती आणि हवेत भुसा उडत होता. माझ्या बॅगेत आबांनी दिलेलं एक पुस्तक होतं, वीणा गवाणकरांचं ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’. त्यांच्या ‘एक होता कार्व्हर’ची पारायणं आपल्याकडे घरोघर झाली. हे दुसरं पुस्तक मात्र आपल्याच मातीतल्या माणसाचं असूनही फार कमी घरांत दिसतं. पुलमनला जाण्याआधी मी ते वाचलं होतं, म्हणून मला ते गाव परकं वाटलं नाही.

पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ मध्ये वर्ध्यात जन्मले. पुढचं शिक्षण नागपुरात झालं. टिळकांच्या विचारांनी पेटलेला हा मुलगा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून निघाला आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. खानखोजेंना दोन विद्या हव्या होत्या, शेतीची आणि युद्धाची. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस लष्करी शाळेत त्यांनी कवायत केली आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून, म्हणजे मी शिकले त्याच पुलमनच्या संस्थेतून, १९१३ मध्ये शेतीची पदवी घेतली. तिथली विटांची दोन जुनी घरं, थॉम्पसन हॉल आणि घड्याळाच्या मनोऱ्याचा ब्रायन हॉल, त्यांच्या वेळीही उभी होती. मी रोज तासाला त्यांच्यासमोरून जायचे आणि दर वेळी मनात हिशेब व्हायचा की इथला जिना खानखोजेंनीही चढला असेल.

त्या भागाला पलूस म्हणतात. वाऱ्याने आणून टाकलेली बारीक, खोल माती आणि नागपूरच्या जवळपास निम्मा पाऊस. तरीही बहुतेक शेती ओलिताशिवाय होते. आमचं काटोलकडचं रानही कोरडवाहू, त्यामुळे मला हे सगळं डोळे फाडून बघावंसं वाटलं. मातीच्या तासाला सर आम्हाला टेकडीवर नेत आणि कंबरभर खोल खड्ड्यात उतरवत. थर बोटांनी फोडायचे, ओलसर माती तळहातावर मळून तिची वळी किती लांब होते ते पाहायचं, मग वहीत लिहायचं. टेकडीच्या माथ्यावर मातीचा थर पातळ, तळाशी जाड, कारण शंभर वर्षांच्या नांगरटीने वरची माती खाली घसरली आहे. आमच्या उताराच्या वावरातही हेच झालंय. ते मी लहानपणापासून पाहत होते, पण त्याकडे असं खड्ड्यात उभं राहून पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर तिथे गहू पेरतात. तो उगवतो, वीतभर होतो आणि बर्फाखाली जातो. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना पांढरंशुभ्र शेत दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बर्फाखाली गहू जगते कसा वं?” मी सांगितलं की या जातीच्या गव्हाला थंडी लागलीच पाहिजे, त्याशिवाय ओंबी धरत नाही. त्यांना ते पटलं, कारण संत्र्याच्या बागेला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे.

माझ्या खिशात शिष्यवृत्ती होती आणि परतीचं तिकीट होतं. खानखोजेंच्या पिढीचे हिंदी विद्यार्थी सुट्टीत फळबागांत आणि लाकडाच्या गिरण्यांत मजुरी करून फी भरत. तिथेच त्यांची पंजाबी मजुरांशी ओळख झाली आणि त्यातून इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली. खानखोजे तिच्या संस्थापकांपैकी एक. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. दोन वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९१५ रोजी, लाहोरच्या तुरुंगात या चळवळीतल्या सात जणांना फाशी झाली. त्यांत सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकणारे तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते आणि अमेरिकेला शिकायला म्हणून गेलेला, एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता. माझ्या वर्गातली मुलं त्याच्याहून मोठी आहेत. परदेशी शिक्षणाचा इतिहास लिहिताना बॅरिस्टर आणि आयसीएस झालेल्यांची नावं आपण आधी घेतो. माझ्या मते ही नावं त्यांच्या वर हवीत.

खानखोजे वाचले, पण त्यांना परतीचा रस्ता राहिला नाही. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तान, इराणकडे लढत फिरले, नंतर बर्लिन, मॉस्को आणि १९२०च्या दशकात मेक्सिको. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या दुष्काळाला, थंडीला तोंड देणाऱ्या जातींवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रात त्यांना पंगतीला भाकर मोडताना रंगवलं आहे. वर्ध्याच्या माणसाचा याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

पुलमनला एका तासाला मला अजून एक धागा सापडला. नोरिन १० हा जपानी बुटका गहू दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आला. पुलमनच्याच ऑरविल व्होगेल यांनी त्याचा तिथल्या गव्हाशी संकर केला. ते बियाणं १९५०च्या दशकात मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेलं आणि तिथून भारतात आलं. १९६६ मध्ये आपण मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं आणि हरित क्रांतीला वेग आला. जपान, पुलमन, मेक्सिको, भारत. खानखोजेंच्या आयुष्याची वाटही हीच, फक्त गव्हाच्या कितीतरी आधीची. वर्गात मी हात वर करून त्यांच्याबद्दल सांगितलं. सरांनी नाव फळ्यावर लिहायला लावलं.

स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांच्या काळ्या यादीने त्यांचा पिच्छा लगेच सोडला नाही. १९४९ मध्ये, चाळीसहून अधिक वर्षांनी, ते मायदेशी आले. पुढे नागपूरलाच स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले, मेक्सिकोचा गहू आपल्या शेतात वाढत असताना.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं आहे, ते २००८ मध्ये आलं. गवाणकरांचं मराठीत आहेच. विदर्भातून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली शिकायला बाहेर जातात. त्यांच्या आईबाबांना माझं एक सांगणं आहे. बॅगेत लोणचं आणि चिवडा भराल, तेव्हा यांतलं एक पुस्तकही ठेवा.