तिकीट, प्रवेशद्वार आणि प्रक्षेपण-हक्क : स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

२९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्यात स्वारगेटजवळील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर विश्वचषक स्पर्धेतील केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज हा सामना झाला. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला होता. त्यामुळे सामना एकतर्फी होणार, अशीच सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात रिची रिचर्डसनचा संघ ९३ धावांत गारद झाला आणि पहिल्यांदाच विश्वचषकात उतरलेल्या केनियाने ७३ धावांनी विजय मिळवला. क्रिकेटच्या इतिहासात या सामन्याचे स्थान सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या दिवसाचा खेळ नसून त्या खेळाचे चित्र हा आहे.

मैदान पुणे महानगरपालिकेच्या मालकीचे होते. सामन्याची स्थानिक व्यवस्था महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे होती. स्पर्धा भारत, पाकिस्तान व श्रीलंका यांच्या संयुक्त समितीची, म्हणजे ‘पिलकॉम’ची होती, आणि दूरचित्रवाणीचे हक्क याच समितीकडून मार्क मस्कारेन्हस यांच्या ‘वर्ल्डटेल’ या कंपनीने विकत घेतले होते. म्हणजे ज्यांची जमीन होती व ज्यांनी खेळपट्टी तयार केली, त्यांपैकी कोणीही त्या चित्राचे विक्रेते नव्हते. ही विभागणी कशी घडून आली आणि पुण्यातील मैदानाच्या मालकाचे व यजमान संघटनेचे लक्ष त्या काळात कोठे गुंतले होते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

तिकिटांचा काळ

नेहरू स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ५ डिसेंबर १९८४ रोजी भारत व इंग्लंड यांच्यात झाला. दिलीप वेंगसरकर यांचे शतक माइक गॅटिंगच्या नाबाद ११५ धावांपुढे निष्फळ ठरले. पुढे १९८७ च्या विश्वचषकातील इंग्लंड-श्रीलंका सामनाही येथेच झाला. या काळात मैदानाचे उत्पन्न म्हणजे प्रेक्षकांचे तिकीट आणि कुंपणावरच्या जाहिराती, असेच समीकरण होते. दूरचित्रवाणी होती, परंतु ती बाजारात नव्हती. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले व त्यापाठोपाठ सिंहगडावरील सहक्षेपणामुळे पुणेकरांना त्याचे कार्यक्रम दिसू लागले. देशात प्रक्षेपण करणारी संस्था एकच असल्याने दुसरा ग्राहक नव्हता आणि ग्राहकांत स्पर्धा नसेल तर हक्काला किंमत येत नाही.

साहजिकच वाद झाले ते तिकिटांवरून. याचे जुने उदाहरण मुंबईतील आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे, तर सामन्यांचे आयोजन मुंबई क्रिकेट संघटनेकडे होते. संघटनेच्या वाट्याला किती जागा याव्यात यावरून दोघांत इतके बिनसले की, शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे मैदान उभारले. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना झाला. पुण्यात साधारण तसाच प्रसंग तीन दशकांनी घडला. महानगरपालिका व महाराष्ट्र क्रिकेट संघटना यांच्यात सामन्याच्या तिकीट-वाटपावरून वाद झाला आणि संघटनेने शहराबाहेर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम बांधण्याचा मार्ग पत्करला.

मुंबईचा वाद झाला तेव्हा तिकीट हेच उत्पन्नाचे मुख्य साधन होते. त्यामुळे तो व्यवहारास धरून होता. पुण्याचा वाद झाला तेव्हा मात्र सामन्याचे खरे मोल तिकिटातून निघून चित्रात गेले होते. मालक व यजमान ज्या वस्तूसाठी भांडत होते, ती दोघांच्या पंक्तीतील लहान वाटी होती, असे म्हणणे चूक ठरणार नाही.

विकले जाते ते नेमके काय?

येथे एक कायदेशीर मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. खेळाच्या सामन्यावर कोणाचाही कॉपीराइट नसतो. नाटकाला संहिता असते, गाण्याला चाल असते. सामना पूर्वी लिहिलेला नसतो. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे आलेल्या व्हिक्टोरिया पार्क प्रकरणात हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारील खाजगी जागेत एक उंच मचाण उभारून त्यावरून शर्यतींचे आकाशवाणीवर वर्णन केले जात असे. मैदानाच्या मालकाने ते थांबवण्याची मागणी केली. न्यायालयाने बहुमताने ती फेटाळली. दृश्यावर मालकी नसते, हवे तर मालकाने कुंपण उंच करावे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

तात्पर्य, प्रक्षेपण-हक्काचा मूळ आधार प्रवेशद्वारावरील ताबा हा आहे. कॅमेरा आत कोणी न्यावा हे ज्याच्या हाती, तो चित्र विकू शकतो. प्रक्षेपण एकदा झाले की त्या प्रक्षेपणाला कायद्याचे संरक्षण मिळते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ मध्ये ‘प्रक्षेपण पुनरुत्पादन हक्क’ असून त्याची मुदत २५ वर्षे आहे. परंतु सामन्यातील धावसंख्येसारखी वस्तुस्थिती त्या संरक्षणात येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये भ्रमणध्वनीवरील धावफलकाच्या प्रकरणात मान्य केले.

या दृष्टीने पाहता नेहरू स्टेडियमच्या प्रवेशद्वाराची मालकी महानगरपालिकेची होती, ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. मात्र सामन्याच्या दिवसापुरते मैदान यजमान संघटनेकडे जाई. आणि सामनाच मुळी नियामक मंडळाने दिलेला असल्याने संघटना मंडळाच्या अटींनी बांधलेली असे. एखादे शहर अडून बसले तर सामना दुसऱ्या शहरी नेता येतो. मैदाने अनेक आणि सामने मोजके, अशा परिस्थितीत सौदा कोणाच्या बाजूने झुकणार हे उघड आहे. ताबा जमिनीकडून कार्यक्रमपत्रिकेकडे सरकला तो असा.

हिरो कप आणि न्यायमूर्ती सावंत यांचा निकाल

हे परिवर्तन १९९३ मध्ये न्यायालयात पोहोचले. बंगाल क्रिकेट संघटनेने नोव्हेंबर १९९३ मध्ये हिरो कप स्पर्धा भरवली आणि तिचे प्रक्षेपण-हक्क ‘ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल’ या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनची भूमिका अशी की, देशातून प्रक्षेपण करण्याचा अधिकार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमान्वये शासनाचाच आहे. एवढेच नव्हे, तर सामना दाखवण्यासाठी आयोजकांनीच दूरदर्शनला तांत्रिक शुल्क द्यावे, अशीही मागणी झाली. आज हे वाचताना विनोद वाटेल. परंतु त्या काळी दूरदर्शनच्या दृष्टीने सामना दाखवणे ही आयोजकांवर केलेली मेहेरबानी होती.

प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथील अंतरिम आदेशांमुळे स्पर्धेचे प्रक्षेपण होऊ शकले आणि अंतिम निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी स्वतःसाठी व न्यायमूर्ती एस. मोहन यांच्यासाठी निकालपत्र लिहिले, न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांनी स्वतंत्र निकालपत्राद्वारे सहमती दर्शवली. निवृत्तीनंतर पुण्यात वास्तव्य केलेल्या न्यायमूर्ती सावंत यांची ओळख महाराष्ट्राला प्रामुख्याने सामाजिक चळवळींतील सहभागामुळे आहे. क्रीडा-प्रक्षेपणाच्या इतिहासातील त्यांचे स्थान त्यामानाने दुर्लक्षित राहिले.

प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचे नियंत्रण शासनाच्या मक्तेदारीत न राहता स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे, हे या निकालाचे प्रसिद्ध सूत्र. त्याच वेळी स्पर्धेच्या आयोजकाला आपल्या पसंतीच्या संस्थेमार्फत तिचे प्रक्षेपण करण्याचा अधिकार आहे, हेही त्यातून प्रस्थापित झाले. पहिल्या सूत्राची अंमलबजावणी सावकाश झाली; १९९० मध्ये संमत झालेला प्रसारभारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. दुसऱ्याची अंमलबजावणी बाजाराने तात्काळ केली. लहरी सार्वजनिक ठरल्या आणि त्यांवरून जाणारे चित्र आयोजकाचे ठरले. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानाचे यात काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच; कारण मैदानाचा मालक या वादात पक्षकार नव्हता.

मोल आणि वाटणी

पुढील वाटचाल आकड्यांतून स्पष्ट होते. २००४ मध्ये नियामक मंडळाच्या निविदेवरून झी व ईएसपीएन-स्टार यांच्यात संघर्ष झाला. त्यातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, मंडळ हे घटनेच्या कलम १२ नुसार ‘राज्य’ नाही, असा निर्णय दिला. २००६ मध्ये निंबसने चार वर्षांच्या हक्कांसाठी ६१.२ कोटी डॉलर देऊ केले. २०१८ मध्ये स्टारने पाच वर्षांसाठी ६१३८.१ कोटी रुपये मोजले. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यात भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे २३,५७५ कोटी आणि डिजिटलच्या मुख्य गटाचे २०,५०० कोटी होते. एकच सामना पडद्यांच्या प्रकारानुसार वेगवेगळा विकला जाऊ लागला.

शासनाने आपला वाटा २००७ च्या कायद्याने राखून ठेवला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसारभारतीला देणे बंधनकारक झाले आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरात-उत्पन्नाची वाटणी ७५ : २५, तर आकाशवाणीची ५० : ५० अशी ठरली. मात्र दूरदर्शनला मिळालेले हे चित्र खाजगी केबलचालकांमार्फत दाखवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले. मंडळांतर्गत वाटपात माध्यम-उत्पन्नाचा सुमारे ७० टक्के भाग राज्य संघटनांना देण्याची प्रथा रूढ झाली. म्हणजे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला चित्राचे पैसे मिळत राहिले, पण ते स्वारगेटचे भाडेकरू म्हणून नव्हे, तर मंडळाचे सभासद म्हणून. याच पैशाच्या भरवशावर संघटनांना स्वतःची मैदाने बांधण्याचे धाडस करता आले. महानगरपालिका सभासद नसल्याने तिच्याकडे भाडे आणि पासेस एवढेच उरले, आणि वाद झाला तो नेमका त्यावरूनच.

३ नोव्हेंबर २००५ रोजी भारत-श्रीलंका सामना झाला. त्यानंतर नेहरू स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झालेला नाही. गहुंजेचे स्टेडियम एप्रिल २०१२ मध्ये खुले झाले.

महाविद्यालयीन खेळ : अमेरिका आणि येथील परिस्थिती

मैदान, संघ आणि आयोजन ही तिन्ही एकाच संस्थेकडे असती तर काय झाले असते? याचे उत्तर अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलच्या इतिहासात सापडते. तेथे विद्यापीठाचे मैदान त्याचे स्वतःचे व संघही त्याचाच. तरीही दूरचित्रवाणीमुळे मैदाने ओस पडतील या भीतीने ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ने १९५१ पासून प्रक्षेपणावर निर्बंध घातले आणि सर्वांच्या वतीने एकत्रित विक्री सुरू केली. १९८२ पासूनच्या चार हंगामांसाठी एबीसी व सीबीएस या दोन वाहिन्यांनी प्रत्येकी किमान १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे मान्य केले होते. कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा पडद्यावर येता येत नसे. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांनी याविरुद्ध दाद मागितली. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही योजना स्पर्धाविरोधी ठरवली. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे तरुणपणी स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते, ही नोंद येथे करण्यासारखी आहे.

या निकालाने हक्क विद्यापीठांकडे परतले. एकेकट्याने विक्री करणे नोत्र दामसारख्या मोजक्यांनाच साधले. इतरांनी प्रादेशिक गटांच्या, म्हणजे ‘कॉन्फरन्स’च्या मार्फत ते विकले. गट प्रबळ झाले आणि मोठ्या गटांत जाण्यासाठी विद्यापीठांनी शतकभराचे शेजार सोडले. प्रत्यक्ष खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना या उत्पन्नातील थेट वाटा देण्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली ती जून २०२५ मध्ये. म्हणजे मैदानाच्या मालकाकडे हक्क आले, तरी ते त्याच्याजवळ फार काळ राहिले नाहीत.

भारतात आंतरविद्यापीठीय क्रिकेटची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासूनची आहे. अनेक कसोटीपटू त्या मैदानांवरून पुढे आले, तरी तिच्या चित्राला ग्राहक लाभला नाही. जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीत झालेल्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेत २१ वर्षांखालील गटामुळे महाविद्यालयीन विद्यार्थीही होते आणि ती स्टार स्पोर्ट्सवर दिसली. परंतु तो केंद्र शासनाचा उपक्रम होता. विद्यापीठे तेथे विक्रेती नव्हती. आंतरविद्यापीठीय स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाची, मैदान यजमान विद्यापीठाचे आणि खेळाडू सहभागी महाविद्यालयांचे, अशी त्रिविध विभागणी येथेही आहे. सामन्याला तिकीट नसते, प्रवेशद्वार उघडे असते आणि कोणीही भ्रमणध्वनीवर चित्रण करू शकतो. उद्या एखादी वाहिनी किंमत घेऊन आली, तर करार कोणाशी करायचा याचे उत्तर या तिघांनी आधी आपसांत ठरवावे लागेल. १९८४ च्या डिसेंबरात स्वारगेटच्या मैदानावर दूरदर्शन हे एकमेव माध्यम असताना हाच प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. नऊ वर्षांनी तो कलकत्त्यात उद्भवला, आणि तोवर महानगरपालिकेचे नाव कोणत्याही करारात नव्हते.