घोरण्याचा आजार: तपासणी आणि मशीनचा खर्च मेडिक्लेममध्ये मिळतो का?

अब्बांचं घोरणं आपण हसण्यावारी नेतो. पण झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा डुलक्या येत असतील, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. डॉक्टर स्लीप स्टडी आणि गरज पडल्यास सीपॅप मशीन सांगतात. ‘मेडिक्लेम आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. आधी या गोष्टी बघा, असं आम्ही सुचवतो.

तपासणी: फक्त तपासणीसाठी दवाखान्यात रात्रभर राहिल्याचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. ओपीडी कव्हर असेल तर त्याच्या अटी वाचा.

मशीन: घरी वापरायचं सीपॅप बहुतेक पॉलिसींत न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं. केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनर यांना सीजीएचएसमधून आधी मंजुरी घेऊन ठरलेल्या मर्यादेत पैसे मिळू शकतात.

नवी पॉलिसी: आजार लपवू नका, पुढे दुसरा क्लेमही अडकतो. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने असते.

क्लेम नाकारला तर: कारण कलमासह लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

मशीन आधी भाड्याने मिळतं का, तेही विचारा. विमा मिळत नाही म्हणून तपासणी मात्र टाळू नका.