टोंकोरी, तुणतुणे आणि गिटार

लोकसंगीताकडे वळलेला तरुण संगीतकार बहुधा चाल उचलतो आणि तिच्यावर कॉर्ड चढवतो. जपानच्या अकिरा इफुकुबेने (जन्म 1914) असे केले नाही. होक्काइदोतल्या ओतोफुके गावी त्याने लहानपणी तिथल्या मूळच्या ऐनू लोकांची गाणी ऐकली. पुढे वनशास्त्र शिकत असतानाच तो गुरूविना रचना करू लागला. त्या सुरुवातीच्या कामात गिटारही होती. ‘गॉडझिला’च्या (1954) संगीताने नाव झाले तेव्हाही त्याची रीत तीच होती: छोटा तुकडा धरायचा आणि सोडायचा नाही. ऐनूंच्या पाचतारी टोंकोरीवर तारा दाबत नाहीत, मोकळ्याच छेडतात. जेवढ्या तारा तेवढेच स्वर. मग विस्तार पुनरावृत्तीतूनच होणार.

तासगाव तालुक्यात हे सूत्र तुणतुण्यापाशी सापडते. तमाशातला पहिला मानला जाणारा वग, ‘मोहना-बटाव’ (1865 च्या सुमारास), सावळजच्या उमा-बाबूंच्या नावावर आहे. तमाशात ढोलकी, हलगी, गाणारा सगळे खेळतात. तुणतुणे तेवढे जागचे हलत नाही. लाकडी नळकांडे, बुडाला चामडे, बाजूला काठी, वर खुंटी आणि एकच तार. ती षड्जाला लावली की रात्रभर तिथेच. शेजारच्या मिरजेत घडणारा तानपुराही षड्ज धरतो, पण त्याचा नाद पसरत राहतो. तुणतुणे तोच स्वर ठोक्याठोक्याने तोडते, म्हणून ते सुराबरोबर लयही सांभाळते. लावणीला कॉर्ड लावल्या की बिघडते ते इथेच: खालचा स्वर सरकतो आणि गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते. सजावटीच्या हौसेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गिटारवर वाट आहे. सहावी तार पांढरी तीनवरून पांढरी दोनला उतरवली की जाड तीन तारा सा-प-सा अशा मोकळ्या मिळतात. अंगठ्याने त्यांतली चौथी तार तुणतुण्यासारखी वाजती ठेवावी, चाल वरच्या तिन्हींवर घ्यावी.

खरी अडचण झिलेची. मागे साथ धरणारे झीलकरी ओळीचा शेवटचा स्वर चढ्या आवाजात ताणून धरतात. गिटारचा स्वर मात्र छेडल्या क्षणापासून विरू लागतो. जलद आघातांनी तो लांबवता येईल, पण मग तुणतुण्याचे ठोके त्यात बुडतात. ऐनूंच्या ‘उपोपो’ या बैठ्या गाण्यांत एकीची ओळ संपण्याआधीच दुसरी तीच ओळ उचलते. मला झिलेसाठी हाच उपाय पटतो. चाल संपायच्या आत तिची अखेर दुसऱ्या तारेवर सुरू करावी, अंगठा मात्र षड्जावरून हलवू नये.